मदत हवी आहे: एनपीएमचं टूल अपडेट करताना 'परमिशन डिनाइड'

नमस्कार मंडळी. नांदेडला आमच्या अभ्यासिकेतल्या उबुंटू लॅपटॉपवर एनपीएमने (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या 'नोड'चं पॅकेज मॅनेजर) ग्लोबल, म्हणजे सगळ्या युजरसाठी, टाकलेलं टूल अपडेटच होत नाही. दर वेळी 'परमिशन डिनाइड', एरर नंबर -१३. बघितलं तर यूएसआर-लोकल-लिबमधल्या नोड-मॉड्यूल्स फोल्डरचा मालक रूट (सगळे हक्क असलेलं अ‍ॅडमिन खातं) आहे. सुडो लावून (म्हणजे रूटच्या हक्काने कमांड चालवून) होईल, पण पॅकेजच्या इन्स्टॉल स्क्रिप्टला रूटचे हक्क द्यायची माझी तयारी नाही. लॅपटॉप सगळी पोरं वापरतात. ७७७ (फोल्डर सगळ्यांना लिहायला खुलं करणारी परवानगी) तर नकोच.

मग प्रीफिक्स (एनपीएम ग्लोबल टूल जिथं टाकतं ती जागा) होम फोल्डरमध्ये वळवून पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) बदलावा, की एनव्हीएम (प्रत्येक युजरच्या होममध्ये नोड टाकणारं टूल) घ्यावं? लॉगिन प्रत्येकाचं वेगळं आहे. एनव्हीएममध्ये ज्याला-त्याला नोड पुन्हा उतरवावं लागेल, अन् इथं नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. रूटने टाकलेलं जुनं टूल आधी काढायचं का? कोणी केलं असेल तर कमांडसकट सांगा.