शब्दचर्चा : हेरिटॅबिलिटी

रानजाई :
पीएचडीसाठी नुकतीच उत्क्रांतीच्या एका लॅबमध्ये रुजू झालेय. काम फळमाश्यांवर, म्हणजे पिकल्या केळ्यांभोवती घोंघावणारी चिलटं. विज्ञान दिनाला सातवीच्या मुलांशी मराठीत बोलायचंय आणि पहिल्याच शब्दाला अडलेय. हेरेडिटी म्हणजे आनुवंशिकता, ते ठीक. हेरिटॅबिलिटीला काय म्हणू? लॅबमध्ये आम्ही सरळ 'एच-स्क्वेअर किती आला?' असं विचारतो (h², ही हेरिटॅबिलिटीच्या आकड्याची खूण).

कुंभा :
अनुवंशक्षमता?

बाराखडी :
'-बिलिटी' दिसली की 'क्षमता' चिकटवायची ही परिभाषा कोशांची जुनी खोड! क्षमता म्हटलं की ती एकेका माशीच्या अंगात असेल असं वाटतं. पण एकट्या माशीची हेरिटॅबिलिटी नसतेच. समूहात माशी-माशीत जे फरक दिसतात, त्यांतला किती भाग पिढीजात आहे आणि किती खाण्यापिण्यामुळे, गर्दीमुळे, तापमानामुळे, याचा तो हिशोब. १९१८ साली संख्याशास्त्रज्ञ फिशरनं नातेवाइकांमधल्या साम्यावर जो निबंध लिहिला, त्यात 'व्हेरिअन्स' (फरकांचं माप) हा शब्द त्यानं पहिल्यांदा वापरला, तो याच वाटणीसाठी.

सातारी :
+१. आम्ही कृषी महाविद्यालयात 'पानसे-सुखात्मे', म्हणजे त्या दोघांचं शेतीसाठीच्या संख्याशास्त्राचं पुस्तक, घोकलेली माणसं. (त्यातले सुखात्मे आमच्या जिल्ह्यातले, बुध गावचे, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.) तिथेही गोंधळ व्हायचा तो इथेच. हाताला पाच बोटं असणं पूर्णपणे आनुवंशिक आहे ना? पण बोटांच्या संख्येची हेरिटॅबिलिटी जवळजवळ शून्य. कारण ज्याला चारच बोटं आहेत, त्याचं एक बहुतेक वेळा यंत्रात नाहीतर अपघातात गेलेलं असतं. म्हणजे फरक आहे तो जनुकांमुळे नाही. म्हणून दोन्हींना 'आनुवंशिकता' म्हणणं मला तरी चूकच वाटतं.

कुंभा :
क्षमता मागे घेतली. पण मग आकडा येतो कुठून?

रानजाई :
आमच्याकडे असं करतात. माश्यांना कार्बन डायऑक्साइडनं बेशुद्ध करायचं, मऊ ब्रशनं उताणं करायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पोटावरचे राठ केस मोजायचे. माद्या कोषातून बाहेर आल्यापासून आठेक तासांत वेगळ्या काढाव्या लागतात, नाहीतर बाप कोण ते कळत नाही. याला लॅबच्या बोलीत 'व्हर्जिन काढणं' म्हणतात. (शाळेत हे सांगणार नाही.) समजा केसांची सरासरी ४० आली. मग जास्त केसांचे नर-माद्या निवडायचे, त्यांची सरासरी ४६. पुढच्या पिढीची सरासरी ४३ भरली, तर निवडीत ६ ची आघाडी घेतली, त्यातली ३ पिल्लांपर्यंत पोचली. एच-स्क्वेअर ०.५. या लक्षणाचा आकडा साधारण तेवढाच येतो.

सातारी :
गाईच्या दुधाचं गणितही हेच, फक्त आकडा लहान. म्हणून तिथे नुसत्या एका गाईचं दूध बघून वळू ठरवत नाहीत, त्याच्या पुष्कळ मुलींचं बघतात.

बाराखडी :
बघा, तुम्हीच 'आघाडीतली किती पोचली' असं म्हणालात. मुलांना 'वारशाचा वाटा' सांगा. वाटा म्हटला की तो कशातला हे विचारावंच लागतं, आणि उत्तर येतं : फरकांतला.

कुंभा :
वारसा म्हटलं की पोरांच्या डोळ्यांपुढे किल्ले येणार. 'पिढीजात वाटा' कसं वाटतं?

रानजाई :
'पिढीजात वाटा' आवडलं. एक शंका मात्र आहे. एच-स्क्वेअरमध्ये सगळा जनुकीय भाग धरत नाहीत, आईबापांकडून पिल्लांकडे सरळ जाणारा तेवढाच धरतात. जनुकांच्या जोड्या जमल्यामुळे जे होतं ते पुढच्या पिढीत मोडतं, जोड्या नव्यानं पडतात.

बाराखडी :
मग 'पिढीजात' जास्तच चपखल बसतं, जे पिढीतून पिढीत जातं तेवढंच. सगळा जनुकीय भाग धरलात तर त्याला 'जनुकीय वाटा' म्हणा. पेपर लिहिताना मात्र एच-स्क्वेअरच ठेवा.

सातारी :
आणि 'पॉप्युलेशन'ला लोकसंख्या म्हणू नका, चिलटांची जनगणना सुरू आहे असं वाटेल. समूह पुरे. 'सिलेक्शन'ला निवड आहेच, शेतकरी बियाण्यासाठी कणसं निवडतो तीच.