अनुभव धागा: ओपन सोर्स प्रोजेक्ट चालवताना काय मिळालं, काय सोसलं (सोलापूरकरांसाठी)

आपल्या सोलापुरात बसून ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं सॉफ्टवेअर) सांभाळणारे बरेच जण आहेत, कॉलेजातली पोरं आहेत, पुण्याची नोकरी घरून करणारे आहेत. चांगलं-वाईट दोन्ही लिहा, लांबलं तरी चालेल. कंपन्यांची नावं मात्र नकोत.

नवी पेठ
मीच सुरू करतो. जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये (सगळीकडं चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत) आणायचं टूल मी सांभाळतो. आमचं घरचं डीटीपी, त्यामुळं स्मरणिका, दिवाळी अंक सगळं त्या जुन्या फॉन्टात अडकलेलं. लई रात्री खाल्ल्या त्या 'दुसऱ्या', 'तऱ्हा' मधल्या र नं. तो युनिकोडमध्ये दोन रीतीनं लिहिता येतो, एक नुक्त्याचा ऱ घेऊन आणि दुसरी साधा र, हलंत आणि न दिसणारा जॉइनर जोडून, डोळ्याला दोन्ही सारखेच पण सर्च केलं की एकाला दुसरा सापडत नाही, मग दोन्ही एका रूपात आणायचं लिहावं लागलं. पण एका खेड्यातल्या ग्रंथपाल बाईंचा मेल आला की गावच्या जुन्या स्मरणिका सगळ्या बदलून झाल्या, आता पोरं त्यात आजोबांचं नाव शोधतात. पगार झाल्यावर असं कधी वाटलं नाही मला. त्रास म्हणजे "उद्या छपाई आहे, आज रात्रीच दुरुस्त करून द्या" असले मेसेज. लायसन्समध्ये स्वच्छ लिहिलंय, जसं आहे तसं, कसलीही हमी नाही. ते कोण वाचतंय.

सात रस्ता
माझी लायब्ररी (दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये जोडून वापरायचा तयार कोड) एका मोठ्या कंपनीच्या प्रॉडक्टमध्ये आहे, त्यांच्या इंजिनिअरनं इश्यू (तक्रार) टाकला 'अर्जंट' म्हणून. मी सपोर्टचे पैसे विचारले तर एकदम शांतता. 2014 ला हार्टब्लीड नावाचं सुरक्षेतलं भगदाड निघालं तेव्हा जगाला कळलं की अर्ध्या इंटरनेटचा आधार असलेलं, माहिती गुप्त ठेवणारं ओपनएसएसएल मूठभर माणसं चालवतात आणि देणग्या वर्षाला जेमतेम 2000 डॉलर. तेवढ्यानं थोडी हालचाल झाली, पण छोट्या प्रोजेक्टपर्यंत ती पोचलेली नाही. त्यात आता एआयनं लिहिलेले खोटे सिक्युरिटी रिपोर्ट, कर्ल हे डेटा ने-आण करायचं टूल सांभाळणारे डॅनियल स्टेनबर्ग यावर जाहीर बोलत आलेत. प्रत्येक रिपोर्ट खरा समजूनच तपासावा लागतो, संध्याकाळ जाते.

पूर्व भाग
मला प्रोजेक्ट दुसऱ्याकडं द्यायचा होता, थकलो होतो. पण मार्च 2024 ला एक्सझेड या फाइली दाबून लहान करायच्या टूलचं प्रकरण झालं. थकलेल्या मेंटेनरवर (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्यावर) बाहेरून दबाव, मदतीला आलेला माणूस दोनेक वर्षं नीट काम करत विश्वास कमावतो आणि शेवटी बॅकडोअर (चोरवाट) घालतो. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएच लॉगिन (दुरून सर्व्हरवर शिरणं) अर्धा सेकंद जास्त घेतंय असं दिसलं म्हणून पकडलं गेलं. मला त्या मेंटेनरचं फार वाईट वाटलं, कारण मदत मागणं हा काय गुन्हा नाही. आमच्या भागात घरोघरी तेलुगू, इथल्याच एका मुलीनं आधी तेलुगू भाषांतर केलं, मग दुसऱ्यांच्या पुल रिक्वेस्ट (कोडमध्ये सुचवलेले बदल) वाचून चुका काढायला लागली. मर्ज करायचे (ते बदल मूळ कोडमध्ये घ्यायचे) हक्क आता तिच्याकडं पण आहेत, मात्र रिलीजवर दोघांची सही लागते. तिच्या रिव्ह्यूनं माझा कोड सुधारला, हे मी सगळ्यांना सांगतो.

जुळे सोलापूर
मी कोड लिहीत नाही, मिस्टर लिहितात. गड्ड्याच्या जत्रेत पोरं पाळण्याच्या रांगेत आणि हे फोनवर कुणाला तरी उत्तर देतायत, तो माणूस ना ओळखीचा ना पैसे देणारा. राग आला, अजून येतो. मग भांडून ठरवलं, रविवारी नोटिफिकेशन बंद, आणि ते रीडमीत (प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलीत) पहिल्याच ओळीत लिहायला लावलं. बहुतेकांनी ऐकलं की. असं घरी कुणी भोगत असेल तर त्यांनीही लिहा ना.

नवी पेठ
@जुळे सोलापूर वहिनी, रविवारचं आजच टाकतो मी पण. @पूर्व भाग, दोघांच्या सहीची सेटिंग कशी लावली ते जरा सविस्तर लिहा. आणि अक्कलकोटकडचं कन्नड वाचता येणारं कोणी आहे का इथं, माझ्या टूलला कन्नड स्क्रीन करायच्यात.