स्कूटर सोडून मेट्रोने ऑफिसला जायचं म्हणतेय, जमेल का?

कोथरूडची_मी:
घर वनाज स्टेशनपासून दीड किमी, ऑफिस कल्याणीनगरला. रोज स्कूटरने जाऊन-येऊन 26 किमी होतात आणि नळ स्टॉपच्या सिग्नलला समोरच्या टेम्पोचा धूर तोंडावर घेत उभं राहिलं की वाटतं आपणही यात भरच घालतोय. पण सकाळी लेकीला शाळेत सोडायचं असतं, येताना भाजी. तुम्ही कसं जमवता?

रामवाडी_लाइन:
ताई, मी 2024 मध्ये रामवाडीपर्यंत मेट्रो सुरू झाली तेव्हापासून जातोय. खरा प्रश्न घर ते स्टेशनचा, रोज रिक्षा केली तर पेट्रोलपेक्षा महाग पडतं, म्हणून मी सरळ चालतो. बॅगेत छत्री आणि सँडल, जूनमध्ये बूट भिजले की दिवसभर पाय ओले राहतात.

हिशोबी:
1 लिटर पेट्रोल जळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड. स्कूटर 45 चं अ‍ॅव्हरेज देत असेल तर तुमचा रोजचा 1.3 किलो झाला. मेट्रोलाही वीज लागतेच, पण भरलेल्या डब्यात ती वाटली जाते.

सायकलवाली_आजी:
अगं, लेकीला स्कूटरवरच सोड, ते चुकीचं नाही. तिथून पुढे वनाजला गाडी लावायला जागा मिळते का तेवढं बघ. आधी आठवड्यातून दोनच दिवस कर.

कोथरूडची_मी:
आजी, हे पटलं. मंगळवार-गुरुवार करते, त्या दिवशी भाजी नवरा आणेल.