रशियातले कमी-जास्त पगार

सोव्हिएत रशियात साम्यवाद होता, मग सगळ्यांना सारखा पगार का नव्हता, असा प्रश्न एकाने विचारलाय. अहो, साम्यवाद आला असा दावा तिथल्या सरकारनेही कधी केला नाही! १९३६च्या राज्यघटनेचं बारावं कलम बघा: प्रत्येकाने कुवतीप्रमाणे राबायचं, कामाप्रमाणे मोबदला घ्यायचा. हा समाजवाद. खाणीत जास्त कोळसा काढणाऱ्याच्या हातात जास्त रुबल पडत. गरजेप्रमाणे वाटा ही पुढची पायरी, म्हणजे खरा साम्यवाद; मार्क्सने १८७५ मध्ये गोथा कार्यक्रमावर (जर्मन समाजवाद्यांच्या पक्षाच्या जाहीरनाम्यावर) टीका करताना मांडलेली. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्या काळात, १९६१ साली, तिथल्या कम्युनिस्ट पक्षाने दोन दशकांत तिथवर पोहोचायचं वचन दिलं. ते हवेतच विरलं. कारखाने सरकारजमा झाले की साम्यवाद आला, ही समजूत मात्र खरंच सोडायला हवी. मार्क्स-एंगल्सच्या साम्यवादात शेवटी राज्यसंस्थाच उरत नाही.