मदत हवी आहे: वाणाला कापडी पिशव्या द्याव्यात का?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा साठेक जणींना कापडी पिशव्या लुटायचं ठरवलं होतं, तर नवऱ्याने डेन्मार्क सरकारचा २०१८ चा अभ्यास काढला, सुती पिशवी नुसत्या हवामानाच्या हिशोबाने प्लॅस्टिकच्या पिशवीइतकी परवडायला निदान ५२ वेळा वापरावी लागते आणि सगळे निकष धरले तर ७१०० वेळा!! अर्थात त्यात आपल्यासारखे तुंबलेले नाले धरलेले नाहीत, पण माझ्याच दाराला अशा नव्या कोऱ्या दहा पिशव्या लटकतायत त्याचं काय. नॉन वोव्हनवाल्या तर पॉलिप्रोपिलीनच्या, म्हणजे प्लॅस्टिकच की. जुन्या सुती साड्यांच्या शिवून घेतल्या तर? नवा कापूस तरी नाही लागणार. पुण्यात कोथरूडजवळ शिवून देणारा बचत गट माहितीये का कुणाला, शिलाई किती पडते? आणि खरं सांगा, जुन्या साडीचं वाण म्हणून बायका नाकं मुरडतील का?