गायरान सोलरला द्यावं का?

शिवारकर:
आमच्या ग्रामसभेत गायरान सौर प्रकल्पाला द्यायचा विषय आलाय. माझा विरोध आहे. गायरान म्हणजे पडीक जमीन, हे आधी डोक्यातून काढा. हातकणंगल्याकडं सगळं रान उसाखाली. ज्याच्या नावावर गुंठाही नाही, त्याच्या दोन म्हशी त्या माळावरच जगतात. उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, तोडणी असेपर्यंत, पुढं सगळी वैरण विकतची. मग डेअरीचं बिल घरात राहणार किती?

पाणीपाळी:
दादा, रात्री दोनला मोटर चालू करायला तुम्ही कधी गेलाय का? मागच्या महिन्यात सरीत दारं मोडताना, म्हणजे पाणी वळवताना, बॅटरीच्या उजेडात पायाजवळ घोणस दिसली. तेव्हापासून बायको झोपत नाही. 2023 ला सौर कृषी वाहिनी योजना 2.0 आली ती शेतीला दिवसा वीज देण्यासाठीच. ग्रामपंचायतीला तीन वर्षं वर्षाला 5 लाख मिळतात. गुरं माळावर सोडणारी घरं किती उरलीत, मोजा.

माळकरी:
मोजा, पण आम्हालाही धरा. आम्ही मेंढरंवाले. सुगी झाली की हेच शेतकरी रानात मेंढरं बसवायला बोलावतात. रात्रभर लेंडी-मूत पडतं, त्याचे पैसे नाहीतर धान्य मिळतं. पण खरिपात सगळं रान पिकाखाली असतं. तेव्हा गायरान सोडून कळप उभा करायचा कुठं? कुंपण पडलं की शेळ्या-मेंढ्या विकायच्या आणि एमआयडीसीत हेल्पर व्हायचं.

करवीर_416:
गायरानात घरंही आहेत हे विसरू नका. 2022 ला उच्च न्यायालयाने अतिक्रमणं काढायला सांगितली, तेव्हा जिल्ह्यात किती घरांची झोप उडाली! गरिबाच्या घराला नोटीस आणि कंपनीला भाडेपट्टा, हे मला पटत नाही.

पाणीपाळी:
भाडेपट्टा संपला तरी जमीन सरकारचीच राहते. घरांचा प्रश्न खरा आहे, पण म्हणून आम्ही जन्मभर रात्रीच पाणी पाजायचं का?

शिवारकर:
नाही पाजायचं. घोणशीचं वाचून अंगावर काटा आला. दिवसा वीज मलाही हवीय. मेगावॅटला चार-पाच एकर लागतात, आमचं गायरान त्याहून मोठं आहे. आधी मोजणी करा. तळ्याकडचा, गवताचा भाग चराईला राखा, खडकाळ टेकाड सोलरला द्या. राखलेला भाग कुठला, ते ठरावात गट नंबरासकट लिहा. असा ठराव असेल तर मी हात वर करीन.

माळकरी:
तळ्याकडं जायची वाटही लिहा. ती बंद झाली तर राखलेल्या गवताला काय करायचं?