मुलांच्या क्रोन्समध्ये मायक्रोव्हिरिडीच का दिसतायत? आजार की पद्धत?

कोरीपाटी:
क्रोन्स (आतड्यांचा दीर्घकाळ चालणारा दाह) असलेल्या आणि निरोगी मुलांच्या शौचातले विषाणूकण वेगळे करून डीएनए वाचलाय. क्रम असा: बफरमध्ये कालवणं, थेट ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर, डीएनएज (कणांबाहेरचा डीएनए कापणारं एन्झाइम), डीएनए काढणं, फाय२९ या एन्झाइमनं एमडीए (डीएनएच्या भरपूर प्रती काढणं), सिक्वेन्सिंग. दोन्ही गटांत मायक्रोव्हिरिडीचा (फेजांचं, म्हणजे जिवाणूंना लागणाऱ्या विषाणूंचं, एक कुळ) पूर आलाय, क्रोन्समध्ये जरा जास्तच. लेखांत मात्र शेपटीवाले फेज वाढल्याचं वाचतोय. 'विषाणूंमुळे दाह' असं लिहिता येईल का?

दुपदरी:
पूर एमडीएनं आणलाय. मायक्रोव्हिरिडीचा जीनोम ४ ते ६ हजार बेसचा, एकपदरी आणि गोल. फाय२९ त्या गोलावर फिरतच राहतं आणि शेपटीवाल्यांचा लांब दुपदरी डीएनए मागे पडतो. म्हणजे टक्केवारी सोडून द्या, फार तर 'आहे' किंवा 'नाही' एवढं म्हणा. डीएनए शिल्लक असेल तर एमडीए वगळा आणि एकपदरी-दुपदरी दोन्ही घेणारं लायब्ररी किट (सिक्वेन्सिंगसाठी डीएनए तयार करणारं) वापरा. शिवाय शेपटीवाल्यांबद्दलचा २०१५चा गाजलेला अभ्यास प्रौढांवरचा आहे, तो मुलांना जसाच्या तसा लावू नका.

गाळणी:
माझा आक्षेप फिल्टरवर आहे. अर्धा ग्रॅम शौच १० मिली एसएम बफरमध्ये (फेज टिकवणारं द्रावण) कालवा, सेंट्रिफ्यूजमध्ये ४ अंशांवर ५,००० जी ला १० मिनिटं फिरवा, वरचं पाणी नव्या नळीत घेऊन पुन्हा फिरवा. मग आधी ०.४५ आणि त्यानंतरच ०.२२. थेट ०.२२ लावला की दोन-तीन मिलीतच सिरिंज अडते. अंगठ्यानं जोर दिला तर पडदा फाटतो, जिवाणू खाली उतरतात आणि त्यांच्या जीनोममधले सुप्त फेज 'विषाणू' म्हणून मोजले जातात. खरी गोम पुढेच आहे: आजार भडकलेला असताना शौचात श्लेष्मा आणि रक्त असतं, त्यामुळे क्रोन्सचेच नमुने जास्त अडतात. दोन गटांतला फरक तिथेच तयार होतो! गाळल्यावर १६एस पीसीआर (जिवाणूंच्या जनुकाची चाचणी) करा. बँड आला तर तो नमुना बाद. प्रत्येक बॅचमध्ये नुसत्या बफरची एक नळीही शेवटपर्यंत न्या.

आंत्रपान:
'मुळे' लिहू नका, 'सोबत' लिहा. दाह असला की जिवाणूंवर ताण येतो आणि सुप्त फेज बाहेर पडतात. सिप्रोफ्लॉक्सासिननंही तेच होतं. बाण उलटाही असू शकतो. फेज दाह वाढवतात असं उंदरांत दिसलंय (२०१९, टीएलआर९ या रोगप्रतिकारक ग्राहकामार्गे), पण ते उंदरांत.
नमुना उपचार सुरू होण्याआधी आणि कोलोनोस्कोपीचं जुलाबाचं औषध देण्याआधी घेतलेला हवा. पहिल्या दोन वर्षांत फेज झपाट्यानं बदलतात, म्हणून वय जुळवा. सहा वर्षांखालची मुलं वेगळी ठेवा, त्यांच्यात एकाच जनुकातल्या दोषानं होणारा आजार जास्त सापडतो. निरोगी गट पुरेसा नाही. पोटदुखी-जुलाब आहेत पण आयबीडी (क्रोन्ससारखे आतड्यांच्या दाहाचे आजार) नाही, अशी मुलंही घ्या. आणि नुसता डीएनए वाचल्यावर नोरो, रोटा, एंटेरोव्हायरस दिसणारच नाहीत, ते आरएनएवाले.

दुपदरी:
एक राहिलं. सिक्वेन्सिंगच्या वेळी कंट्रोल म्हणून फायएक्स१७४ मिसळला होता का? ५,३८६ बेसचा तो फेज स्वतःच मायक्रोव्हिरिडी आहे. त्याचे रीड्स (वाचलेले डीएनए-तुकडे) आधी काढून टाका, मग आलेख पुन्हा काढा.